र नसलेली वाक्यं

रविराजला मी पहिल्यांदा भेटले ती एका जिन्यात, आणि भेटल्याबरोबर त्याच्याशी खोटं बोलले.

जुलैतला शनिवार होता. बाहेर झिमझिम चालू, आणि बिबवेवाडीतल्या त्या कॉम्प्लेक्सचा जिना म्हणजे भर दुपारी जवळजवळ अंधार. अर्धा दिवस भरून मी कामावरून तशीच आले होते. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात साईचं मनगट. साई म्हणजे माझ्या दादाची मुलगी, सहा वर्षांची, आणि मनगट सोडलं की वाऱ्यावर. तिनं ते सोडवून घेतलंच. वरून कोणीतरी भलामोठा खोका घेऊन उतरत होतं, ही बया त्याच्या पायांत गेली, आणि पुढच्या क्षणी प्लास्टिकचे प्राणी टपाटप पायऱ्या उतरू लागले.

मी घाबरून गोळा करायला वाकले. तोही वाकला. त्या अंधुक उजेडात एक निळा शर्ट आणि हसू दाबणारा आवाज, एवढंच कळत होतं. काय काय सापडतंय, असं त्यानं विचारलं. मी एकेक वर धरून सांगत गेले. हत्ती, वाघ, उंट, बैल… मग हाताला जिराफ लागला. तो मी काही न बोलता नुसताच पुढे केला.

त्यानं जिराफाकडे पाहिलं. मग माझ्याकडे… जरा जास्तच वेळ.

"आभारी आहे. आपलं नाव?"

"निशा," मी म्हणाले.

माझं नाव निशा नाही. उत्कर्षा आहे. पण मला 'र' म्हणता येत नाही, त्याच्या जागी 'ल' येतो, आणि नेमका माझ्याच नावात तो मेला बसलाय. त्यामुळे पार्सलवाला, बसमधली बाई, ज्यांची पुन्हा गाठ पडायची नाही अशा सगळ्यांसाठी मी निशा असते. जिन्यातल्या माणसाची तरी कशाला पुन्हा गाठ पडतेय?

दहाच मिनिटांनी, दुसऱ्या मजल्यावर 'स्पीच थेरपी' लिहिलेल्या दारातून आम्हाला आत बोलावलं, तर टेबलामागे निळा शर्ट. टेबलावर जिराफ. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या निशा मॅडम, बसा."

आता सांगा, तिथे काय करणार? बसले.

लहानपणी माझा 'ल' सगळ्यांना फार गोड वाटायचा. चौथीत बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला आणि एका शब्दाला अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, परत म्हण. मग परत. मग परत… तास संपेपर्यंत. त्या दिवसानंतर मी र असलेला एकही शब्द तोंडातून काढला नाही. घरच्यांना वाटलं, गेलं एकदाचं, आणि पोरगी गुणाची आहे, मोजकं बोलते.

मोजकं कसलं? अख्खं वाक्य आधी मनात चाळून घ्यावं लागतं. मी राहते मांजरीत, म्हणजे गावाचं नाव घ्यायची पंचाईत. शेजारी हडपसर, तेही तसलंच. रिक्षाचं ॲप आलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पुरीभाजी खावीशी वाटली तरी हॉटेलात मागवायची मिसळ. नोकरीसुद्धा बघून धरली. उसावर संशोधन करणाऱ्या संस्थेत एक प्रयोगशाळा आहे, तिथे बाटल्यांमध्ये उसाची इवलीशी रोपं वाढवतात. तोंडाला मास्क, आणि काम चालू असताना बोलायचं नाही असा नियमच. मला तर स्वर्गच मिळाला.

आणि साईचं बारसं… ते तर विचारूच नका. दादा-वहिनींनी नाव ठरवलं होतं शर्वरी. आमच्यात आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. तीस बायका, पाळणा आणि मी. कुर्रर्रच्या जागी मी नुसती फुंकर घातली, आणि शर्वरीच्या जागी 'साई' म्हणाले. सगळ्या थिजल्या. वहिनी रडायचीच बाकी होती. आई पुढे झाली आणि म्हणाली, "आत्याच्या तोंडून द्येवच बोलला. ह्येच नाव." तिनं त्या दिवसापासून गुरुवार धरले. मी आजतागायत कोणाला काही सांगितलं नव्हतं.

म्हणून साई सहाची झाली तरी 'काका'ला 'ताता' आणि 'राजा'ला 'लाजा' म्हणत राहिली, तेव्हा बाकीचे काळजीत पडले आणि मी भीतीनं अर्धी झाले. मला वाटायचं, त्या दिवशी मीच तिच्या कानात हे फुंकलं.

त्या पहिल्या दिवशी रविराजनं साईशी तासभर खेळता खेळता तिची सगळी परीक्षा घेतली. कानाची तपासणी आधीच करून आणायला लावली होती, ती चांगली होती. जीभही मोकळी होती. आईनं वेखंड उगाळून जिभेला लावायचा सपाटा लावला होता, तो त्यानं हसून थांबवायला सांगितला. म्हणाला, जीभ जड नाही तिची, कुठे टेकायची ते तिला कळलेलं नाही, इतकंच. 'क' लवकर येईल, 'र' वेळ घेईल, कारण तो मुलांच्या तोंडात बसतोच सगळ्यांच्या शेवटी. आधी कानानं ओळखायचं, मग नुसता आवाज, मग रा-री-रू, मग शब्द, मग वाक्य, मग भांडण. भांडणात नीट आला की समजायचं, आला.

"आणि घरात कोणी 'परत म्हण' म्हणायचं नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. मोठ्यांनी शब्द नीट म्हणायचा आणि पुढे चालायचं."

मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

मग त्यानं घरचा अभ्यास सांगितला. रोज दहा मिनिटं. घरातल्या मोठ्यानं शब्द म्हणायचा, मागून साईनं, आणि त्यातलं मिनिटभर रेकॉर्ड करून त्याला पाठवायचं. दादा-वहिनी दोघंही रात्री आठला घरी येणार, आईला रेकॉर्डिंग जमायचं नाही. म्हणजे मोठं माणूस कोण, तर मी.

आता ह्याला हाक मारावी तर कशी? 'सर' मध्ये र. 'डॉक्टर' मध्ये र. नावात तर दोन. खूप विचार करून मी म्हणाले, "अहो…"

दारात फायली घेऊन उभ्या असलेल्या सुशीलाबाई, म्हणजे तिथल्या रिसेप्शनिस्ट, चष्म्यावरून बघायला लागल्या.

"अहो, ऐकलंत का… तुमचा आवाज साईला आवडतो. तुम्हीच म्हणून पाठवा ना."

त्याचे कान लाल झाले. सुशीलाबाई म्हणाल्या, "चालू द्या संसार," आणि फायली ठेवून गेल्या. त्यांच्या खुर्चीमागे पाटी आहे : 'चपला बाहेर काढाव्यात, मुले आत न्यावीत. उलटे करू नये.' तेव्हाच ओळखायला हवं होतं की ह्या बाई कोणाला सोडत नाहीत.

तर असा त्याचा आवाज माझ्या फोनमध्ये आला. रोज संध्याकाळी पाच शब्द. राजा… रवा… रोप… मध्ये थोडी जागा, साईनं म्हणायला. ती आरशासमोर बसून म्हणायची, मी रेकॉर्ड करायचे. ते झालं की साई खेळायला पळायची आणि मी स्वयंपाकघरात एकटीच ते पुन्हा लावायचे. हळूहळू प्रयोगशाळेतही कानात घालून ऐकायला लागले. राजा… रवा… रोप… सगळे र असलेले शब्द, आणि कसे मऊ वाटायचे त्याच्या तोंडून. प्रेमात पडायला लोकांना काय काय लागतं. मला पाच शब्द पुरले.

मेसेजवर मात्र मी वाघीण. लिहिताना कसली भीती? त्यानं 'साईचा क छान येतोय' लिहिलं की मी लिहायचे, 'अर्धं श्रेय आरशाला, उरलेलं जिराफाला, तुम्हाला उत्तेजनार्थ.' तो हसण्याचे चेहरे पाठवायचा. तो यवतमाळकडचा. पुण्यात शिकायला आला तेव्हा 'काय करून राहिला' म्हटलं की वर्गातली पोरं मुद्दाम पुन्हा म्हणायला लावायची, असं त्यानं एकदा लिहिलं. मी तो मेसेज कितीतरी वेळा वाचला. तो फोन करायचा, तो मात्र मी कधीच उचलला नाही.

एका शनिवारी साई खेळण्यांच्या खोलीत असताना तो म्हणाला, "मेसेजमधल्या निशा आणि समोर बसलेल्या निशा, ह्यांची एकदा ओळख करून द्यायला पाहिजे."

"त्या दोघी बोलत नाहीत एकमेकींशी," मी म्हणाले.

"भांडण?"

"मोठं."

तो हसला, पण नजर काढली नाही. त्याची नजर मला आवडायची आणि तिची भीतीही वाटायची, कारण ती ओठांवर असायची. थेरपिस्टची नजर ओठांवर असणारच, मी स्वतःला समजवायचे. आणि मग वाटायचं, देवा, तेवढंच असू नये.

सप्टेंबरात 'क' पक्का झाला, म्हणून तिला बक्षीस द्यायला आम्ही कात्रजला गेलो. प्राण्यांचं उद्यान पाहून झाल्यावर एका टपरीवजा दुकानात बसलो. समोर काचेत खरवस. माझा जीव खरवसावर, आणि आजवर स्वतःच्या तोंडानं तो मी कधी मागितलेला नाही. मी म्हणाले, चहा चालेल. त्यानं माझ्याकडे न बघताच तीन खरवस सांगितले.

"तुम्हाला कसं कळलं मला काय हवंय?"

"तुम्ही काचेकडं बघत होता," तो म्हणाला, आणि चमचा पुढे करताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यानं ती लगेच काढली नाहीत. मीही नाही. साई म्हणाली, "आत्या, तुझा चमचा हलतोय." खरंच हलत होता.

घरी येताना मी ठरवलं, पुढच्या शनिवारी सगळं सांगायचं. नाव, र, सगळं. मग पुढचा शनिवार आला, आणि त्याच्या पुढचा. तोंड उघडलं की चौथीचा वर्ग दिसायचा. मी निशा म्हणून त्याला आवडत असेन तर निशाच बरी, असं वाटायला लागलं.

आणि मग ते झालं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर साईच्या शाळेतून वहिनीला बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, मुलगी आठवडाभर वर्गात एक अक्षर बोललेली नाही. विचारलं तर बोट दाखवते, नाहीतर मान हलवते. पहिल्या सत्रात तर बडबड करायची, मग आता काय झालं? वहिनी रडत घरी आली. आई म्हणाली, "नजर लागली पोरीला." खरं काय ते मला माहीत होतं.

सुट्टीत सोसायटीच्या पोरांनी तिला चिडवलं होतं. 'कुत्रा म्हण, कुत्रा म्हण,' करत मागे लागली होती. ती माझ्या कुशीत येऊन हमसून हमसून रडली आणि मला राहवलं नाही. तिला गप्प करायला मी माझी विद्या दिली. म्हणाले, तो शब्द म्हणायचाच नाही. भू-भू म्हणायचं. वेगळ्या शब्दानं भागत नसलं की खोकायचं. खोकून भागत नसलं की गप्प. तिनं डोळे पुसून विचारलं होतं, "तुझ्यासालखं?"

तिला माहीत होतं. घरात बाकी कोणाला नाही, पण सहा वर्षांच्या पोरीनं माझं सगळं केव्हाच ओळखलं होतं.

त्या संध्याकाळी ती भिंतीशी बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळत होती. एकेका बाहुलीच्या तोंडावर बोट ठेवून हळूच सांगत होती, बोलायचं नाही हं. मी दाराआड उभी होते. आजवर मला घाबरायची सवय होती, पण ती स्वतःसाठी. ही भीती वेगळी होती. मी ह्या पोरीची दुसरी मी करायला निघाले होते.

रविराजला लिहून टाकावं म्हणून फोन हातात घेतला, तर क्लिनिकचा मेसेज आधीच आलेला. 'पुढील शनिवारपासून साईचे सेशन नम्रता मॅडम घेतील.' बस. खाली त्याचा स्वतःचा एक शब्द नाही. मी कितीतरी वेळा उघडून पाहिलं. त्याला कळलं, मला वाटलं. नाव खोटं, आवाज खोटा, आणि त्याच्याच पेशंटला मुकं करून ठेवलंय. कशाला ठेवील तो असली माणसं?

शनिवारी साईला घेऊन जिना चढले. सुशीलाबाई आज काही बोलल्या नाहीत, त्यामुळे आणखीच भीती वाटली. रविराजच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी तिकडे बघितलं नाही.

नम्रता मॅडम पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, घाई नसलेल्या बाई. त्यांनी टेबलावर चित्रांचे पत्ते मांडले आणि कुत्र्याचं चित्र साईपुढे सरकवलं. साई गप्प. त्यांनी गाडीचं सरकवलं, घराचं सरकवलं. साईनं खाली मान घातली. पंधरा मिनिटं गेली.

मग मॅडम अगदी सहज म्हणाल्या, "बरं, आज आत्यापासून सुरू करू. आत्या, हे काय?" आणि त्यांनी कुत्र्याचं चित्र माझ्यापुढे धरलं.

मी खोकले. पाणी प्यायले. आणि तेवढ्यात साई माझ्या कानाशी आली. किती दिवसांनी तिचा आवाज आला, तोही इतका बारीक.

"आत्या, भू-भू म्हण. मी कोणाला सांगणाल नाही."

मला वाचवत होती ती. सहा वर्षांचं लेकरू, स्वतःचं तोंड शिवून मला वाचवत होतं.

"कुत्ला," मी म्हणाले.

सोळा वर्षांनी. मोठ्यानं. कोणी हसलं नाही. मॅडमनी नुसती मान डोलावली आणि पुढचं चित्र धरलं. घर. "घल." गाडीचं चाक त्यांनी फिरवून दाखवलं. "फिलतंय." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी म्हणतच सुटले होते, घोडेस्वाल, चिमणीचं घलटं, हिलवी मिलची… साई तोंडाचा आ करून बघत होती. मग तिनं सावकाश हात पुढे केला, कुत्र्याचं चित्र माझ्याकडून ओढून घेतलं आणि म्हणाली,

"माझा आहे तो. कुत्ला."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, आवाज चुकला ते आपण बघून घेऊ, पोरगी बोलली ना? साईला बाहेर सुशीलाबाईंकडे बिस्किटं खायला पाठवलं आणि माझ्यापुढे एक कोरा फॉर्म ठेवला. मोठ्यांचाही र येतो, त्या म्हणाल्या, वेळ लागतो इतकंच. मनात असेल तेव्हा भरा.

तो फॉर्म हातात घेऊन मी बाहेर आले. थेट जिन्यात गेले, कारण मोठ्यानं रडायला तेवढीच एकांताची जागा मला माहीत होती. मागून पावलं वाजली. निळा शर्ट नव्हता आज, पण पावलं ओळखू आली.

"भिंत पातळ आहे," रविराज म्हणाला. "ऐकू आलं मला."

"तुम्हाला आधीच माहीत होतं."

त्यानं मान डोलावली. जिराफ, खरवस… सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं आणि मला इतका संताप आला, इतका, की वाक्य चाळायचं भानच राहिलं नाही.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तली गप्प लाहिलात! माझ्यावल अभ्यास कलत होतात? मी केस होते तुमची? खलवस मागवलात, तो काय उपचाल होता?"

माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत घुमला. मी दचकून तोंडावर हात ठेवला. त्यानं तो हात हळूच खाली घेतला.

"अभ्यास केला असता तर वही भरली असती. तुमच्याबद्दल मी एक ओळ लिहिलेली नाही. आणि जिनं विचारलंच नाही, तिला तुझं काय चुकतंय हे सांगणारा मी कोण? माझ्याही मागे लागायची ना पोरं."

"मग साईला का सोडलंत?"

"कारण…" तो थांबला. केसांतून हात फिरवला. "कारण साईची फाईल उघडायच्या आधी मी दाराकडं बघायला लागलो होतो. आत्या आली का म्हणून. असं झालं की ती केस ठेवू नये. मीच जाऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, केसचं हस्तांतर पूर्ण होईपर्यंत मेसेज करायचा नाही. आठ दिवस मला… मला शनिवारची भीती वाटत होती. तुम्ही आलाच नाहीत तर. हे काय सांगून राहिलो मी…"

शेवटचं वाक्य त्याच्या नकळत गावाकडचं निघालं आणि त्याचे कान लाल झाले. ते बघून माझा राग कुठे गेला कोण जाणे. इतके दिवस मला वाटत होतं की भिते ती मी एकटीच.

"माझं हे जाईल?" मी विचारलं.

"जाईल. पण मॅडमकडं. माझ्याकडं पेशंट म्हणून यायचं नाही."

"मग काय म्हणून यायचं?"

त्यानं माझ्या हातातला फॉर्म घेतला, खिशातलं पेन काढलं, आणि पहिल्या रकान्यावर टेकवून माझ्याकडे बघत राहिला. नाव.

जिन्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं. पळून जायला अजूनही वाट होती. 'निशा' दोनच अक्षरांवर होतं.

"उत्कल्षा," मी म्हणाले.

"उत्कर्षा," तो म्हणाला. परत म्हण म्हणाला नाही. नीट म्हणाला आणि पुढे लिहायला लागला. मग मान वर न करता सांगितलं, "पहिल्या दिवशी वाकलात तेव्हा गळ्यातलं संस्थेचं कार्ड लोंबत होतं. चार महिने हे नाव घ्यायची वाट बघतोय."

घरी मी त्याच दिवशी सगळं कबूल केलं. बारशाचंसुद्धा. वहिनी म्हणाली, "सहा वर्षं आम्ही तो देवाचा कौल समजून गुरुवार करतोय, वन्सं." मग हसता हसता रडली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बारशाला राहिला होता म्हणाली. आईनं तेवढ्यात विचारून घेतलं, "त्यो पोरगा कोण हाय? मेसेज बघून हसत्येस त्यो?" आईला मी भोळी समजत होते.

पुढचे शनिवार मी आणि साई शेजारी शेजारी बसून एकाच आरशात बघत काढले. जिभेचं टोक दातांमागच्या उंचवट्याला टेकवायचं, ट-ड-ट-ड करत पळवायचं, मग सैल सोडायचं. साई भराभर पुढे गेली. शाळेतून निरोप आला, आता हिला गप्प कसं बसवायचं ते सांगा. माझा ल मात्र लहानपणापासूनचा भाडेकरू, सुखासुखी घर सोडीना.

जानेवारीत साईचा शेवटचा शनिवार आला. निघताना ती जिन्यात थांबली आणि मला म्हणाली, खाली वाक. मला वाटलं, बुटाची नाडी. मी वाकले. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, तोंड माझ्या कानाला लावलं, आणि…

"कुर्रर्रर्र… उत्कर्षा."

स्वच्छ. अख्खा. कानात गुदगुल्या होतील असा. मग इवल्याशा हातानं पाठीत दणकून धपाटा. मी तिला घट्ट धरून पायरीवरच बसले.

वर कठड्याशी रविराज उभा होता, हातात तोच प्राण्यांचा खोका. साई म्हणाली, आता तू हाक मार, मी मारली ना. त्याला मी अजून 'अहो'च म्हणत होते. सुशीलाबाईंनी तर लग्नाची तारीख विचारायला सुरुवात केली होती. जिन्यात माणसं ये-जा करत होती, आणि चौथीचा वर्ग आजही माझ्यापुढे मांडी घालून बसलेला होता. भीती गेली वगैरे काही नव्हती.

मी जिभेचं टोक वर टेकवलं, श्वास घेतला, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"रविलाज."

एक आला, एक राहिला. खालून चढणाऱ्या आजोबांनी वळून बघितलं. साईनं माझा हात दाबला. आणि वरून, क्षणाचाही वेळ न लावता, त्यानं ओ दिली.